टाळ्या पुरे, रजिस्टर काढा

सत्तावीस वर्षांचा घोडा झालोय आणि अकरावीत बसतोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

रात्रीचं कॉलेज. साडेसहा ते साडेनऊ. पहिली पाळी संपवून, अंगावरची गंजाची धूळ गोदीच्या नळावर खरवडून, शिवडीला लोकल पकडून मी तिथं पोचतो. बाकावर माझ्या डावीकडे कुरिअरवाला, उजवीकडे एका सोसायटीचा वॉचमन. पुढच्या बाकांवर दिवसाच्या कॉलेजातून रात्रीत येऊन पडलेली सतरा-अठराची पोरं. ती मला काका म्हणतात. मॅडम पहिल्या दिवशी मला पालक समजल्या. म्हणाल्या, आपला मुलगा कोणता? मी म्हणलं, मीच तो.

अकरावी, बारावी, मग तीन वर्षं पत्रकारितेची डिग्री. मला बातमीदार व्हायचंय. सगळं सरळ गेलं तर बत्तिसाव्या वर्षी हातात कागद पडेल. सरळ जाणार नाही हेही मला ठाऊक आहे. पाळी बदलली की वर्ग बुडतो, वर्ग धरला की हजेरी बुडते आणि हजेरी बुडाली की त्या दिवसाचं धान्य बुडतं.

आपल्या बैठकीत हे फुटलं आणि दोस्तांनो, तुम्ही माझी जी धुलाई केलीत तिला हे उत्तर आहे. संपादक म्हणाले होते, नवी कविता दे. कविता देत नाही. हे घ्या.

एकजण म्हणाला, कवी माणूस तू, तुला कशाला पायजे बारावी? दुसरा म्हणाला, त्यांच्या शाळेत जाऊन त्यांची भाषा शिकशील आणि उद्या आपल्याच मोर्च्यावर 'वाहतूक विस्कळीत' अशी बातमी लिहशील. तिसरा स्वतः बी.ए. एल्एल.बी. आहे. तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, अरे, तुझी ताकद तुझ्या अडाणीपणात आहे, ती घालवू नकोस. पहिल्या दोघांशी मी भांडलो. या तिसऱ्याकडे नुसता बघत राहिलो. स्वतःच्या डिगऱ्या भिंतीवर टांगून दुसऱ्याच्या अडाणीपणाची आरती करणारा माणूस आपल्या चळवळीत कधी जन्मला याचा शोध कुणीतरी घ्यायला पाहिजे.

आणि भाऊ, मी अडाणी नाही. मॅट्रिक आहे. २०१४ला झालो, बासष्ट टक्के. अकरावी आर्ट्सला नाव घातलं होतं. २०१५च्या पावसाळ्यात बाप गेला. दारूनं नाही, तुम्ही लगेच दारू म्हणाल म्हणून सांगतो. छातीनं गेला. सिमेंटच्या आणि खताच्या गोण्यांनी छाती भरली होती. कॉलेज तिथंच सुटलं. अठरा पूर्ण झाले तसा बापाच्या ओळखीच्या मुकादमानं मला टोळीत घातला. माझ्या आज्याकडे गोदी कामगार मंडळाचा बिल्ला होता, काम नसलं त्या दिवशीही हजेरीचा भत्ता मिळायचा. ते मंडळ १९९४ला पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. कंटेनर खाडी ओलांडून न्हावाशेवाला गेले. बाप ठेकेदाराचा माणूस झाला, मी ठेकेदाराचा माणूस झालो. आज्याचा बिल्ला आईनं ट्रंकेत जपून ठेवलाय.

तर परत नाव घालायला गेलो तेव्हा खिडकीतला क्लार्क म्हणाला, मधल्या वर्षांचा गॅप दिसतोय, प्रतिज्ञापत्र लागेल. मी म्हणलं, काम करत होतो असं लिहितो. तो म्हणाला, तसा मजकूर नसतो. छापील मजकूर असतो : घरगुती अडचणींमुळे शिक्षणात खंड पडला. सही करा. केली. दहा वर्षं ह्या शहराचं पोलाद, ह्या शहराची डाळ जहाजाच्या पोटातून उपसली, त्याला कागदावर खंड म्हणतात. माझं आयुष्य कागदावर 'गॅप' आहे हे त्या दिवशी मला सरकारी भाषेत कळलं. पण मी तिथंच भांडण काढलं नाही. खिडकीतल्या क्लार्कशी भांडून फी भरायची मुदत चुकवायची, हा धंदा आपण पुष्कळ केला.

आता मूळ गोष्ट. कॉलेजचं वेड मला पुस्तक वाचून लागलं नाही. एका तारेनं लावलं.

२०२२ सालची रातपाळी. जहाजात पोलादाच्या कॉइली. गाद्या गुंडाळतात तसे पोलादी पत्र्याचे गुंडाळे, एकेक कित्येक टनांचा. आमच्या टोळीतला एक पोरगा खाली जहाजाच्या पोटात कॉइलीला तार अडकवायला होता. लातूरकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्या तारेचे पदर उसवले होते. हाताला टोचायचे. दोन दिवस आधी त्यानं ती मुकादमाला दाखवली होती, मी शेजारी उभा होतो. मुकादम म्हणाला, हे जहाज निघू दे. रात्री अडीचच्या सुमारास कॉइल वर उचलली, एक बाजू सुटली, कॉइल झुलली आणि जहाजाच्या भिंतीला त्याला घेऊन लागली. बाकीचं लिहीत नाही. कवितेत लिहिलं होतं, ती माझी चूक होती.

दोन दिवसांनी एका पेपरात पाचव्या पानावर चार ओळी आल्या. गोदीत अपघात, कंत्राटी कामगार ठार, अपमृत्यूची नोंद, पुढील तपास सुरू. वर अपघात हा शब्द, खाली तपास हा शब्द आणि मधे माणूस नाही. त्याच्या बायकोनं ते कात्रण रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. कात्रणात तिच्या नवऱ्याचं नाव नाही. मला म्हणाली, भाऊजी, पण त्याचंच आहे ना ते?

मग मी कविता लिहिली. तुम्हाला आठवत असेल, तुमच्यातले कितीतरी जण समोर बसले होते. काय टाळ्या पडल्या! एक प्राध्यापक खुर्चीवरून उठून म्हणाले, ही आग आहे. कुणीतरी मोबाईलवर काढलं आणि ते सगळीकडे फिरलं. फिरत फिरत आमच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरपर्यंत गेलं. तो सकाळी हजेरीला मला म्हणाला, भारी लिवलंस रे, डोळ्यात पाणी आलं. मनापासून म्हणाला, चेष्टा नव्हती. आणि त्या दिवशी उसवलेली तशीच दुसरी एक तार दुसऱ्या क्रेनला लावलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली.

त्या दिवशी माझ्या कवितेची किंमत मला कळली. कविता खोटी नव्हती. पण तिनं कुणाचं काहीच बिघडवलं नाही. ज्यानं तार बदलायची होती तोच ती ऐकून रडला, इतकी ती निरुपद्रवी होती.

एका ओळखीच्या बातमीदाराकडे गेलो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, तू सांगतोस ते खरं असणार, पण कागद आण. कुठला कागद? तर म्हणाला, उचलण्याच्या सामानाची ठरावीक मुदतीत तपासणी व्हायला लागते, त्याचे दाखले ठेवायला लागतात, रजिस्टर असतं. त्या तारेची शेवटची तपासणी कधी झाली, सही कुणाची, ते आण. मी दहा वर्षं तारा ओढतोय आणि तारेला रजिस्टर असतं हे मला एका वातानुकूलित खोलीतल्या माणसानं सांगितलं. १९८६ला संसदेनं गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी वेगळा कायदा केला होता, हेही त्याच्याकडून कळलं. आमच्या टोळीत एकालाही माहीत नव्हतं. युनियनचा फलक धक्क्याबाहेर असतो, पण आमच्यासारख्या ठेकेदारी पोरांना तिथं कोण विचारतो?

मग मी माहितीचा अर्ज टाकला. २००५चा कायदा आहे, दहा रुपये फी आहे, कुणीही टाकावा. माझ्या कवीपणाची हौस अशी की मी अर्जात लिहिलं, तो माणूस का मेला? त्याच्या मृत्यूला जबाबदार कोण? उत्तर आलं. प्रश्नार्थक स्वरूपाचे खुलासे या कायद्याखाली देता येत नाहीत, उपलब्ध अभिलेख मागावा. च्यायला! म्हणजे 'का' विचारायचं नाही, 'अमुक तारखेच्या अमुक रजिस्टरच्या पानाची प्रत द्या' असं विचारायचं. प्रश्न तोच. पण एकाला दार बंद आणि दुसऱ्याला उघडावं लागतं. दुसरा प्रश्न कसा विचारायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि दोस्तांनो, आपल्या एवढ्या अभ्यासवर्गांत ते कुणी शिकवत नाही. तिथं आपण क्रांती शिकतो.

त्याचं नाव मी इथंही लिहीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्या बायकोला भरपाईचा एकच हप्ता मिळालाय, दुसऱ्यासाठी ठेकेदाराच्या दारात खेपा चालल्यात, ती म्हणाली, भाऊजी, आत्ता नाव नको. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे अजून कागद नाही. कागदाशिवाय नाव छापलं तर तो ह्या अंकाला कोर्टात खेचेल आणि आपण निषेधसभा घेऊ. म्हणजे बघा, त्या मोठ्या पेपरानं नाव छापलं नाही आणि आपल्या विद्रोही अंकातही ते छापता येत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला दोघंही तोकडे. त्यांचं तोकडेपण त्यांना परवडतं. आपलं आपल्याला परवडतं का?

नाव घालायच्या आधी मी एका कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गाचं एक खुलं व्याख्यान ऐकलं. मागं भिंतीला टेकून उभा होतो. एक ज्येष्ठ संपादक आले होते. त्यांनी फळ्यावर सहा शब्द लिहिले : कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. म्हणाले, हे सहा ककार, यातला एक जरी सुटला तरी बातमी अपुरी. पोरं लिहून घेत होती. मी मनातल्या मनात त्या चार ओळींची तपासणी करत होतो. काय? मृत्यू. कुठे? गोदीत. केव्हा? रात्री. इथवर ठीक. कोण? एक कामगार. का? नाही. कसे? कॉइल अंगावर येऊन. जशी काही कॉइल स्वतःच्या पायांनी चालत आली. सहातले तीनच पुरे होते, त्यांच्याच फळ्याप्रमाणे! मला तो फळा उचलून त्या पेपरच्या कचेरीत नेऊन ठेवावासा वाटला.

हे मी कॉलेजात शिकलो. सवर्ण माणसाकडून शिकलो. शिकलो म्हणून मला त्याच्या तोंडावर विचारता आलं. मी हात वर केला, विचारलं, साहेब, तुमच्याकडे कामगाराच्या मृत्यूच्या बातमीतून 'का' कोण काढतं? ते म्हणाले, जागेची मर्यादा असते. मग एका मुलीनं विचारलं, तुमच्या संपादकीय खात्यात दलित किती? ते म्हणाले, आम्ही जात विचारत नाही.

विचारायची गरज काय, साहेब? ज्यांनी मोजलं त्यांनी सांगितलंय. १९९६ला बी. एन. उनियाल नावाचे पत्रकार दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायला निघाले, एका परदेशी वार्ताहराला बोलायला हवा होता म्हणून. सरकारी मान्यतेच्या पत्रकारांच्या यादीत त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी त्यावरच लेख लिहिला. २००६ला अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमांतली निर्णय घेणारी ३१५ माणसं मोजली. त्यांत दलित शून्य, आदिवासी शून्य. २०१९ला ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं मोजलं. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ वर उच्चवर्णीय, दलित-आदिवासी एकही नाही. तेवीस वर्षांत सरकारं बदलली, छपाईची यंत्रं बदलली, कागदाची जागा मोबाईलनं घेतली, शून्य तेवढा टिकला. ह्या मोजण्या हिंदी-इंग्रजीच्या आहेत. मराठीतलं तुम्ही बघा. घरी येतो त्या पेपरातली संपादकीय पानावरची नावं महिनाभर वहीत उतरून काढा. आडनावं तुम्हालाही वाचता येतात.

आणि गंमत अशी, २०१८च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं खाजगी टीव्ही वाहिन्यांना सूचना काढली की 'दलित' हा शब्द टाळा. कचेरीत माणूस नव्हताच. बातमीतून शब्दही नको.

असल्या कचेऱ्या आमच्या मरणाच्या बातम्या लिहिणार. कशा लिहितात ते २००६च्या सप्टेंबरात बघितलंय सगळ्यांनी. खैरलांजीत २९ तारखेला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर, रोशन. पहिल्या बातम्यांत काय होतं? अनैतिक संबंध. मोठ्या पेपरांना जाग यायला आठवडे लागले, तेही लोक रस्त्यावर आले तेव्हा. तेव्हा मी शाळकरी पोर होतो, मोर्च्यात बापाच्या खांद्यावरून बघितलेलं एवढंच आठवतं. पण नंतर त्या वेळची कात्रणं वाचली. त्यातही 'का' पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. जमीन होती, रस्ता होता, पोलिसांत दिलेला जबाब होता. कुणी लिहून घेतला नाही.

गोदीचंच सांगतो. १४ एप्रिल १९४४. होय, तीच तारीख, बाबासाहेबांचा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरला होता. मुंबई हादरली. पण बातमी? युद्धाची सेन्सॉरशिप. जगाला दुसऱ्या दिवशी सांगितलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगाँवने. इथल्या वार्ताहरांना बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या जहाजावर सोनंही होतं. ते किती? ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा. पक्का आकडा, आजही कुठंही सापडेल. माणसं किती मेली? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. आगीशी झुंजताना गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मोजलेत, त्यांना सलाम. पण धक्क्यावरचे हमाल, बिगारी, त्या दिवशी बदलीवर आलेले, पाचशेच्या अंतरात कुठंतरी मेलेत. सोन्याला रजिस्टर होतं.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेले, असं तुम्ही मला त्या बैठकीत तीन वेळा ऐकवलंत. गेले. पण दीड दिवसानं शाळा सोडणं ही काय त्यांची साहित्यिक भूमिका होती? शाळेनं टिकू दिलं नाही म्हणून सुटली. तो माणूस नंतर पाट्या वाचत वाचत अक्षर शिकला. ज्याच्यावर दार आपटलं त्यानं खिडकीतून घर गाठलं आणि आपण म्हणतो, बघा, दाराची गरजच नाही! त्यांच्या जखमेचा आपण ताईत केलाय. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली, हे सांगतानाही आपल्या आवाजात एक लाडिकपणा येतो. टॅक्सी चालवल्यानं 'गोलपिठा' होत असता तर मुंबईच्या स्टँडवर दर दोन गाड्यांमागे एक महाकवी सापडला असता.

आणि चळवळीनं महाराष्ट्र हलवला तो नुसत्या कवितेनं असंही समजू नका. १९७२च्या १५ ऑगस्टला 'साधना'त राजा ढाल्यांचा लेख आला. तो गद्य होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर दंड किती, हे त्यांनी शेजारीशेजारी ठेवलं. शिव्या होत्याच. पण सदाशिव पेठ शिव्यांनी नव्हती बिथरली, त्यांना सवय असते. बिथरली ती त्या दोन आकड्यांनी.

मागं जा. १८८०ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी 'दीनबंधू' मुंबईत आणला. गिरणीतला स्टोअरकीपर माणूस. साठा मोजणारा, नोंदी ठेवणारा. गिरणीत किती तास काम, सुट्टी किती, हे त्याला रोजच्या नोंदीतून माहीत होतं. १८९०ला रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही रविवारी बैठका घेता त्या ह्याच माणसाच्या कृपेनं. रविवारी मला काम असतं, हा भाग वेगळा.

आणि बाबासाहेब. 'मूकनायक' काढला ३१ जानेवारी १९२०ला, अठ्ठाविसाव्या वर्षी. पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण सगळे भाषणात सांगतो. पुढचं सांगत नाही. त्याच वर्षी जुलैत ते परत कॉलेजात गेले. लंडनला. १९१७ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मधे बडोद्याची नोकरी, तिथली अवहेलना, सिडनहॅममधली प्राध्यापकी, साउथबरो समितीपुढची साक्ष. माझ्या क्लार्कला विचाराल तर हा गॅप. १९२३ला डी.एस्सी. झाले तेव्हा वय बत्तीस. मी स्वतःला त्यांच्याशेजारी ठेवत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण बत्तिसाव्या वर्षी कसली डिग्री घेतोस, असं मला म्हणणाऱ्यानं भिंतीवरच्या तसबिरीकडे एकदा बघून म्हणावं.

हे वाचून कुणीतरी लगेच म्हणेल, ते गेले आणि 'मूकनायक' बंद पडला. बरोबर आहे. मागं राहिलेल्यांना तो पेलला नाही, तीन वर्षांत संपला. ही किंमत होती आणि मी ती झाकत नाही. मी रात्री वर्गात बसलो की ह्या अंकाच्या घड्या घालायला, टपाल टाकायला एक हात कमी पडतो, ते मला दिसतं. गेल्या अंकाला उशीर झाला तो माझ्यामुळे. पण पुढं काय झालं तेही बघा. २० मार्च १९२७ला महाडचं चवदार तळं, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. पंधरा दिवसांत. महाडची हकीकत सवर्णांच्या पेपरातून वाचायची वेळ त्यांनी आपल्या लोकांवर येऊ दिली नाही. आणि ती लिहिणारा माणूस बॅरिस्टर होता. कुठल्या कलमाखाली कुणी काय केलं, हे त्याला कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं.

आपल्यातली नवी पोरं म्हणतात, डिग्री कशाला, मोबाईल आहे ना, चॅनेल काढ. काढतो की. पण मोबाईलपुढे उभं राहून मी बोलणार काय? तेच, जे कवितेत बोललो. 'खबर लहरिया' बघा. २००२ला चित्रकूटला सुरू झालं, खेड्यातल्या बायांनी चालवलं, त्यांत कितीतरी दलित. मोबाईल नंतर आला, आधी त्या बातमी लिहायला शिकल्या. अधिकाऱ्याला काय विचारायचं, दोन बाजू कशा घ्यायच्या, पुरावा कसा तपासायचा, एकमेकींना शिकवलं. शिकणं त्यांनी टाळलं नाही. आपल्याकडे तसा वर्ग कुणी चालवत असेल तर मी उद्या कॉलेज सोडून तिथं येतो. नाही ना? मग मला जिथं मिळतं तिथं जाऊ द्या.

दुसऱ्या दोस्तानं जे म्हणलं, की तू त्यांचा होशील, ते मात्र मला रात्री झोपू देत नाही. खोटं कशाला सांगू. परवा मॅडमनी मराठीच्या तासाला बातमीलेखन घेतलं. विषय दिला, तुमच्या परिसरातील एक घटना. मी आमच्या धक्क्यावरची लिहिली. मॅडमना आवडली, वर्गात वाचून दाखवायला लावली. वाचताना माझ्या लक्षात आलं, मी लिहिलं होतं, 'अपघातात एका कामगाराचा मृत्यू झाला.' मी लिहिलं होतं! माझ्या हातानं! तार मी पाहिली होती, मुकादमाला दाखवताना शेजारी उभा होतो, तरी पेन आपोआप त्या वळणावर गेलं. इतकी वर्षं ती वाक्यं वाचून ती माझ्याही बोटांत बसली होती, कॉलेजात न जाताच. मी वाचता वाचता थांबलो, खोडलं आणि वर्गासमोर दुसरं वाक्य उभ्या उभ्या जोडलं : उसवलेली तार दाखवूनही बदलली नाही, तिनं उचललेली कॉइल सुटून अमुक वर्षांचा अमुक मेला. मॅडम म्हणाल्या, वाक्य जरा लांब झालं. मी म्हणलं, हो मॅडम.

नवीन अर्ज तयार आहे. ह्या खेपेला 'का' नाही. जहाजाची तारीख, पाळी, क्रेनचा नंबर, उचलण्याच्या सामानाच्या तपासणीच्या रजिस्टरची मागची-पुढची सहा महिन्यांची पानं, सही करणाऱ्याचा हुद्दा, सगळं ओळीनं मागितलंय. वॉचमनदोस्तानं तो त्याच्या सोसायटीतल्या एका वकीलबाईंना दाखवून आणला. त्यांनी दोन शब्द बदलले आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. सोमवारी टाकतो. तीस दिवसांची मुदत असते. पानं हातात आली तर पुढच्या अंकात छापायला जागा ठेवा, कवितेच्या पानावरची चालेल.

एक मागणी आहे. अकरावी आर्ट्सचं अर्थशास्त्राचं पुस्तक कुणाकडे जुनं पडलं असेल तर बैठकीला येताना घेऊन या. माझं गोदीत भिजलं. आणि शनिवारच्या बैठकीला मी नसेन, चाचणी परीक्षा आहे.